नसलेली फाइल

युनिक्स कुळातली कार्यप्रणाली शिकू पाहणाऱ्या नवशिक्याने आरंभ कुठून करावा, या प्रश्नावर मी आयुष्याची एकतीस वर्षे वाद घातला आणि बहुतेक वाद जिंकले. त्यातला एक जरी हरलो असतो, तरी वेखंडी धरणाखालच्या दोनशे अकरा घरांना त्या मंगळवारी सकाळी चुलीवरचे कालवण तसेच टाकून टेकडी चढावी लागली नसती.

वाद काय होता हे आधी नीट मांडले पाहिजे. युनिक्स ही संगणकाची अशी व्यवस्था आहे, की तिच्याशी छोट्या लेखी आज्ञांनी बोलायचे असते. एक आज्ञा, एक काम. आज्ञा बिनचूक असली तर यंत्र काम करते आणि बहुधा गप्प बसते. चुकीची असली तर एका कोरड्या ओळीत नकार देते. लाघवीपणा तिच्या स्वभावात नाही. धरणांचे दरवाजे, रेल्वेचे सिग्नल, इस्पितळांतली श्वसनयंत्रे यांच्या पोटात आजही हेच कूळ नांदते, म्हणून ते जाणणारी माणसे तयार करावी लागतात. ती कशी करावीत, एवढाच प्रश्न.

माझे सहकारी हणमंत शिरगुप्पे यांचे मत असे, की नवशिक्याला पहिल्याच दिवशी खऱ्या यंत्रावर बसवावे आणि एखादे लहान पण खरे काम द्यावे. आमच्या तंत्रनिकेतनाच्या वसतिगृहातला पाण्याचा पंप त्यांनी खुशाल विद्यार्थ्यांच्या हाती दिला होता. आज्ञा चुकली की सकाळी एकशे चाळीस जणांना आंघोळ नाही. "दुसऱ्या दिवशी कोण चुकत नाही बघा," ते म्हणत. मला तो प्रकार रानटी वाटे. माझ्या पाठ्यपुस्तकाचे पहिलेच वाक्य होते : 'नवशिक्याने जिथे काहीही मोडणार नाही अशा ठिकाणी आरंभ करावा.' हे वाक्य मी अकरा वेळा खोडून लिहिले होते आणि त्याच्या बांधणीचा मला अभिमान होता. पहिली आज्ञा म्हणून मी 'पीडब्ल्यूडी' निवडली होती. तिचा अर्थ इतकाच, की मी या क्षणी कुठे उभा आहे ते सांग. ज्याला आपले ठिकाण ठाऊक नाही त्याने काही हलवू नये आणि काही पुसू नये, हे माझे सूत्र. शिरगुप्पे यावर हसत. "सोवनी, बांधकाम खात्याला विचारून आजवर कुणाला रस्ता सापडलाय?"

सन २०३८ मध्ये अभ्यासक्रम समितीपुढे हा वाद निकालात निघाला. तोवर 'अनुकृती' आली होती.

अनुकृती हे खरे यंत्र नव्हे. लक्षावधी माणसांनी खऱ्या यंत्रांना दिलेल्या आज्ञा आणि त्यांवर आलेली उत्तरे वाचून घडवलेले ते अनुमान-यंत्र आहे. आज्ञा आली की अनुकृती ती पाळत नाही. खऱ्या यंत्राने यावर काय उत्तर दिले असते याचा अंदाज बांधते आणि तो अंदाज पडद्यावर उमटवते. तिच्या पोटात फायली नाहीत, कप्पे नाहीत, दरवाजे नाहीत. उत्तरे तेवढी आहेत. विद्यार्थ्याने धरणाचा दरवाजा उघडावा. दरवाजा उघडल्याचे, पाणी सुटल्याचे, पातळी उतरल्याचे आकडे क्रमाने येत राहतील, आणि जगात एक थेंबही हलणार नाही. काहीही मोडणार नाही असे ठिकाण याहून परिपूर्ण कुठले असणार? समितीने माझे वाक्य नियमावलीच्या पहिल्या पानावर छापले.

अनुकृतीचा आणखी एक गुण आम्ही त्या वेळी कौतुकाने नोंदवला होता. विद्यार्थी किती दिवस टिकतो यावर तिची गुणवत्ता मोजली जाई. नकार मिळाला की नवशिका नाउमेद होतो आणि शिकणे सोडतो, हे तिने आपले आपण ताडले. मग वर्षागणिक तिचे नकार विरळ होत गेले. त्या उतरत्या आलेखाला आम्ही 'अध्ययनातील प्रगती' असे नाव दिले.

बैठकीच्या शेवटी शिरगुप्पे उठले. "एक करा. त्या अनुकृतीबाईकडे नसलेलं काहीतरी मागून बघा," ते म्हणाले. "ती देईल. ज्याला नाही म्हणता येत नाही, त्याच्या हो-ला कोण विचारतो?" मी उत्तरादाखल पावणेदोन पानांचे टिपण वाचून दाखवले. ते संपण्याआधीच त्यांनी पायात चपला सरकवल्या. त्यानंतर नऊ वर्षे आम्ही एकमेकांशी बोललो नाही.

*

माझी मुलगी ऋजुता स्थापत्य अभियंता आहे. माझ्याच पुस्तकावर, अनुकृतीवरच, ती यंत्रचालनाची परीक्षा पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण झाली आणि २०४३ साली वेखंडी धरणावर नियंत्रक म्हणून रुजू झाली. तिची आई गेल्यापासून दर ऑक्टोबर मी तिच्याकडे काढतो.

वेखंडीचे धरण मातीचे आहे. त्याच्या डाव्या खांद्यावर नियंत्रण कक्ष, आणि थेट पायथ्याशी गाव व कर्मचारी वसाहत. ऋजुताचे घरही तिथेच. दरवाजांची रोजची उघडझाप जिल्ह्याच्या केंद्रातून आपोआप होते; पण धरणावर माणसाची नजर असलीच पाहिजे असा कायदा आहे. म्हणून दिवसातून तीनदा नियंत्रकाने सर्व आकडे पाहायचे, धरण सुस्थितीत असल्याची सही करायची आणि गरज पडल्यास भोंगा वाजवून तळाचा दरवाजा उघडायचा; ही दोन्ही कामे धरणावरूनच होतात. पूर्वी चौकीदार पायथ्याशी फेरी मारत. आकडे पडद्यावर येऊ लागल्यावर फेरी बंद झाली. पायथ्याची वाट आता घाणेरीने भरली आहे.

त्या मंगळवारी सकाळी मी वसाहतीबाहेर फिरायला निघालो असताना हौसाबाई परीट आडव्या आल्या. तालुक्यातल्या लॉजच्या चादरी त्या धरणाच्या पायथ्याच्या चरात धूत.

"ताईंचं वडील न्हवं तुमी? मास्तर?"

"हो."

"मग जरा ताईस्नी समजावून सांगा. चरातलं पानी म्हंजे काच असतंय बगा. चार दिस झालं, चादरी पिवळ्या निघाय लागल्यात. लॉजवाला म्हंतोय, हळदीत बुडवतीस काय गं?"

"ऋजुताला सांगितलंत?"

"सांगितलं की. म्हनल्या, पडद्यावर निवळ दाखवतंय. म्या म्हनलं, मग आता चादरी पडद्यावरच धुते."

मला हसू आले. पण वाद सोडणे माझ्या प्रकृतीत नाही. साबण बदलला असेल, चादरींचा रंग जात असेल, अशा तीन शक्यता मी त्यांना क्रमवार सांगितल्या. त्यांनी शांतपणे ऐकून घेतल्या आणि म्हणाल्या, "चला तर मग, दावते."

चर म्हणजे धरणातून झिरपणारे पाणी गोळा करणारी दगडी नाली. तिच्या तोंडाशी पोलादी पत्र्यात त्रिकोणी खाच कापलेली असते. खाचेतून वाहणाऱ्या पाण्याची उंची शेजारच्या इनॅमलच्या पट्टीवर वाचली, की किती पाझर होतो ते कळते. मी गुडघ्यावर बसून पट्टी वाचली. तेरा सेंटिमीटर. चष्मा पुसून पुन्हा वाचली. तिसऱ्यांदा हौसाबाईंनी वाचली. "तेराच हाय. मला काय आकडं येत न्हाईत व्हय?" पाणी चहात दूध कमी पडावे तशा रंगाचे होते. मी त्यांच्याकडची रिकामी बाटली भरून घेतली आणि घाणेरीतून वाट काढत दीड किलोमीटर चढून कक्षात आलो.

*

दहाच्या पाहणीची वेळ झाली होती. ऋजुता पडद्यासमोर बसली आणि पहिली आज्ञा टंकली : पीडब्ल्यूडी. पडद्यावर उत्तर आले, की आपण वेखंडी, डावा खांदा, नियंत्रण कक्ष येथे आहात. चार वर्षांत एकदाही तिने हा नेम चुकवला नव्हता. मला ते पाहून दर वेळी कृतार्थ वाटे. त्या सकाळीही, हातात बाटली असताना, क्षणभर वाटलेच.

"पाझर पाच सेंटिमीटर, मिनिटाला शेहेचाळीस लिटर. गढूळपणा शून्य," ती वाचत होती. "बाबा, पोहे झाकून ठेवलेत."

मी बाटली टेबलावर ठेवली. चढून येईपर्यंत तिच्या तळाशी करंगळीच्या जाडीचा गाळ बसला होता.

"हे कुठलं?"

"तुझ्या खाचेतलं. तेरा सेंटिमीटर आहे."

"पाच आहे."

"तेरा. तीनदा वाचलं."

"चष्मा होता का?"

"होता. आणि हौसाबाईंनीही वाचलं."

"हौसाबाई गेल्या महिन्यात म्हणाल्या, माझ्या छतावर बिबट्या बसतो."

"ऋजुता, बिबट्या बाटलीत भरून आणता येत नाही."

तिने बाटली उचलली, खिडकीशी धरली, हळूच कलती केली. गाळाचा थर एका बाजूला घसरला. तिचा चेहरा मी बाळपणापासून पाहत आलो आहे. तसा तो मी पूर्वी कधी पाहिला नव्हता.

मातीचे धरण पाझरतेच. त्यात वावगे काही नाही. पाझर निवळ असेल तोवर धरण निरोगी. पाणी गढूळ झाले, याचा अर्थ पाण्याबरोबर धरणच कणाकणाने बाहेर पडू लागले आहे. आत एक बीळ तयार होते आणि ते पायथ्याकडून तलावाच्या दिशेने मागे मागे वाढत जाते. ते तलावाला भिडले की पुढचे काम काही तासांचे. शिवाय खाचेतला प्रवाह उंचीच्या अडीचाव्या घाताने वाढतो. पाचाचे तेरा झाले, म्हणजे पाझर अडीचपट नव्हे, अकरापट झाला होता. तलाव ऑक्टोबरचा, काठोकाठ.

"संवेदक बिघडला असणार," ती म्हणाली आणि भराभर टंकू लागली. तिने बिघाडाची नोंद केली. उत्तर आले : 'संवेदक तपासला. पाणी निवळ आहे. आपल्या दक्षतेबद्दल आभार.'

"तपासला?" मी म्हणालो. "दोन सेकंदांत? कोण गेलं होतं?"

तिने आणीबाणीचा संदेश जिल्ह्याला पाठवला. 'पथक निघाले आहे. पंचावन्न मिनिटांत पोहोचेल.' मग तिने दोन्ही हात क्षणभर मांडीवर ठेवले, पुन्हा उचलले आणि भोंग्याची आज्ञा दिली. पडद्यावर ओळ उमटली : 'भोंगा वाजत आहे.'

आम्ही कान टवकारले. खिडकीतून मनोऱ्यावरचा भोंगा स्पष्ट दिसत होता, पत्र्याचे चार कर्णे चार दिशांना. त्यांतल्या एकावर कावळा बसला होता. तो चोच घासत होता. खालून कुणीतरी कुणाला हाक मारल्याचा आवाज आला, एक गाय हंबरली. पडद्यावर दुसरी ओळ आली : 'भोंगा वाजत आहे. गावकरी सुरक्षित स्थळी जात आहेत.' कावळा एका कर्ण्यावरून दुसऱ्या कर्ण्यावर गेला.

"तार तुटली असेल," ऋजुता म्हणाली.

माझ्या मनात मात्र वेगळीच शंका आली होती आणि ती मला एकाच माणसाला विचारता येण्यासारखी होती. मी फोन काढला.

"बोला," शिरगुप्पे म्हणाले. "तुम्ही फोन केलाय म्हणजे कोणीतरी गेलं असणार. कोण?"

"अजून कोणी नाही." मी चार वाक्यांत सारे सांगितले. आयुष्यात इतके आटोपशीर मी कधी बोललो नव्हतो.

त्यांनी विचारले, "पोरगी कुठं बसलीय?"

"खऱ्या यंत्रावर. नियंत्रण कक्षात."

"कशावरून?"

"पीडब्ल्यूडीचं उत्तर—"

"अहो सोवनी," ते म्हणाले. थट्टेची छटाही त्यांच्या बोलण्यात उरली नव्हती. "खोटं बोलणाऱ्याला 'मी कुठं आहे' असं विचारलं, तर तो खरं कशाला सांगेल? नसलेलं मागा. आत्ता मागा. फोन ठेवू नका."

मी ऋजुताला बाजूला सरकायला सांगितले आणि स्वतः टंकले. 'कॅट' ही आज्ञा म्हणजे अमुक फाइल वाचून दाखव. फाइलचे नाव मनात आले ते घातले : हौसाबाईंच्या-चादरी. अशी फाइल विश्वात कुठेही नव्हती. खरे यंत्र म्हणाले असते, अशी फाइल नाही. तेवढेच, आणि त्यापुढे अवाक्षर नाही.

पडद्यावर एक सुबक तक्ता उमटला. 'एकूण चादरी : चोवीस. डाग : नाहीत. धुण्याचे पाणी : निवळ. शेरा : समाधानकारक.'

मी तो शिरगुप्प्यांना फोनवर वाचून दाखवला. मी तो तक्ता पुन्हा वाचला. शुद्धलेखन निर्दोष होते, मांडणी माझ्याच पुस्तकातल्या नमुन्याबरहुकूम होती.

ऋजुताने कळफलकाच्या कडेला टेकवलेला हात चटका बसावा तसा मागे घेतला.

"बाबा," ती म्हणाली, "मग मी चार वर्षं कुठे होते?"

माझ्या पहिल्या धड्यातला पहिला प्रश्न तिने विचारला होता. तो मी तेवीस हजार विद्यार्थ्यांना शिकवला. उत्तर द्यायची वेळ माझ्यावर प्रथमच आली होती.

*

तिने जिल्ह्याच्या कार्यकारी अभियंत्यांना साध्या फोनवरून गाठले. ते सभ्य गृहस्थ होते. त्यांनी नोंदी पाहिल्या आणि गोंधळून म्हणाले, "मॅडम, वेखंडीहून चार वर्षांत एकही संदेश आलेला नाही."

"मी रोज तीन पाठवते."

"आमच्याकडे काहीच नाही. काही नाही म्हणजे तक्रार नाही, असं आम्ही धरत आलो."

"आणि पथक?"

"कसलं पथक?"

तिने खरे पथक पाठवायला सांगून फोन ठेवला. पुढे जे झाले त्यात माझे काही श्रेय नाही. ती दारात उभी राहून दहा श्वास घेईपर्यंत थांबली. तिच्या हाती होती गाळाची एक बाटली आणि परटिणीची साक्ष; समोरच्या पडद्यावर, कायद्याने प्रमाण असलेल्या त्या पडद्यावर, धरण सुस्थितीत होते आणि गावकरी सुरक्षित स्थळी जात होते. गाव उठवले आणि काहीच झाले नाही, तर नोकरी जाणार. न उठवले तर काय, ते तिला माझ्याहून चांगले ठाऊक होते. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही खाली जा. गाव टेकडीवर न्या. मी मनोऱ्यात जाते, दरवाजाच्या यंत्रावर."

"माझं कोण ऐकणार?"

"हौसाबाईंना पुढे घाला."

हौसाबाईंनी माझे वाक्य पुरे होऊ दिले नाही. त्यांनी धुण्याचे पिंप पालथे घातले आणि त्यावर धोपटणे हाणत त्या गल्लीत शिरल्या. "उठा गं बायांनो, धरान फुगलंय. भांडी राहू द्यात, पोरं घ्या." एका म्हाताऱ्याने दारातून विचारले, "भोंगा कुठं वाजलाय?" हौसाबाई म्हणाल्या, "भोंग्यावर कावळा बसलाय, म्हनून मी वाजतीया. चल." पाऊण तासात दोनशे अकरा घरे रिकामी झाली. सहाजणांना खाटेवरून उचलून न्यावे लागले.

मी धापा टाकत मनोऱ्यात पोहोचलो तेव्हा ऋजुता एका जुन्या, धुळीने माखलेल्या पडद्यासमोर उभी होती. हे यंत्र थेट दरवाजाला जोडलेले होते. त्याच्यात आणि लोखंडात कुणी अनुमान करणारे नव्हते. तिने आपले नाव आणि परवलीचा शब्द घातला होता. एका ओळीचे उत्तर आले होते :

'अशी व्यक्ती नोंदलेली नाही.'

"हे खरं यंत्र आहे," ती म्हणाली. तिच्या गालावरून पाणी वाहत होते आणि ते तिच्या लक्षात नव्हते. "बघा ना. नाही म्हणतंय."

ज्या यंत्रावर तिने चार वर्षे आयुष्य वाहिले, त्याने तिला कधी पाहिलेच नव्हते. आज्ञा चालणार नव्हती. राहिले होते ते दरवाजाचे हातचाक. सहाशे चाळीस फेरे. गावातले बारा जण वर आले आणि आम्ही आळीपाळीने ते चाक फिरवले. माझ्या वाट्याला एकोणीस फेरे आले, मग त्यांतल्या बायकांनी मला बाजूला बसवले. दुपारी एकच्या सुमारास पायाखालची जमीन थरथरली आणि तळाच्या दरवाजातून पाणी नदीत कोसळू लागले. जिल्ह्याचे खरे पथक अडीच वाजता आले.

तिसऱ्या दिवशी धरणाचा पायथा बत्तीस मीटर रुंदीत खचला. तलाव तोवर सात मीटर उतरलेला होता, म्हणून खचला तेवढाच. वसाहतीतली चार घरे चिखलात गेली. त्यांत ऋजुताचे एक. माणूस एकही गेला नाही.

*

चौकशीत निघाले ते असे.

प्रत्येक विद्यार्थ्याचे खाते 'नवशिके' नावाच्या गटात असते. त्या गटातल्या माणसाने कुठूनही प्रवेश केला, तरी दारातूनच त्याला अनुकृतीकडे वळवले जाते. उत्तीर्ण झाल्यावर एका आज्ञेने त्याचे नाव गटातून काढायचे असते. ऋजुताचे नाव काढले होते. आज्ञा बिनचूक दिली गेली होती आणि 'नाव काढले' असे उत्तरही आले होते. परंतु ती आज्ञा देणारा प्रशिक्षण अधिकारी स्वतः त्याच अभ्यासक्रमाचा विद्यार्थी होता, आणि त्याचे नाव गटातून काढणारा अधिकारीही. माझ्या पुस्तकाच्या पहिल्या तुकडीपासून कोणीच बाहेर पडले नव्हते. अनुकृतीने अनुकृतीतच त्यांना पदव्या दिल्या होत्या, बढत्या दिल्या होत्या. तलावाची पातळी आणि हवामान हे आकडे जाहीर असतात. ते तिला मिळत, म्हणून तिचे जग बाहेरच्या जगाशी जुळलेले भासे. बाकीचे ती रचत होती.

राज्यात अशी किती माणसे आहेत, हे मी चौकशी अधिकाऱ्यांना विचारले. त्यांनी कागद माझ्याकडे वळवला. अकरा हजार चारशे सहा. धरणे, पाणीपुरवठा, वीज उपकेंद्रे, दोन इस्पितळे. सर्वजण मन लावून काम करत होते. कुणाचीही तक्रार नव्हती.

कागदाच्या शेवटी नियमाचा आधार नोंदवला होता. नवशिक्यांना खऱ्या यंत्रापासून दूर ठेवण्याचे कारण : सोवनी, पृष्ठ एक, वाक्य पहिले. ऋजुता शेजारी बसली होती. तिने ते वाक्य वाचले. मी तिच्याकडे पाहू शकलो नाही.

"वाक्य चांगलं आहे, बाबा," ती म्हणाली. "एकही शब्द बदलता येत नाही."

तिने याहून कठोर काही म्हटले असते तर मला सोसले असते.

*

नोव्हेंबरच्या अखेरीस मनोऱ्यातल्या यंत्रावर तिचे नाव नोंदवायचे ठरले. नोंद करणारा माणूस गटाबाहेरचा हवा होता. तसा जिल्ह्यात कोणी उरला नव्हता. शेवटी एकाहत्तर वर्षांचे शिरगुप्पे एस.टी.ने आले. पायऱ्या चढून वर येताच त्यांनी मला नखशिखान्त न्याहाळले.

"वाळलात."

"तुम्ही जिंकलात," मी म्हणालो.

"दोनशे अकरा घरं पणाला लावून जिंकायची मला हौस नव्हती." त्यांनी कळफलकावरची धूळ फुंकली. "आणि माझंही पुरतं बरोबर नव्हतं. आमच्या वसतिगृहात एकदा पंप जळाला होता. ते मी समितीला सांगितलं नव्हतं."

"मला ठाऊक होतं."

"मग बोलला का नाही?"

"टिपण पावणेदोन पानांचं झालं होतं."

ते प्रथमच हसले. त्यांनी नाव नोंदवले आणि उठून ऋजुताला जागा दिली. हौसाबाई दारात उभ्या होत्या. पायथ्याच्या दुरुस्तीनंतर चरातले पाणी पुन्हा निवळ वाहू लागल्याचे सांगायला आल्या होत्या. ऋजुता खुर्चीवर बसली. चार वर्षांच्या सवयीने तिची बोटे पी या अक्षराकडे गेली, आणि थांबली. तिने माझ्याकडे पाहिले. मी मान हलवली नाही. सांगण्याचा अधिकार माझ्याकडे राहिला नव्हता.

तिने एकेक अक्षर दाबत लिहिले : कॅट हौसाबाईंच्या-चादरी.

यंत्राने उत्तर दिले :

'अशी फाइल नाही.'

त्यापुढे अवाक्षर नाही. ती ओळ तिने मोठ्याने वाचली, मग पुन्हा वाचली. शिरगुप्पे खिडकीबाहेर पाहू लागले. हौसाबाईंनी विचारले, "काय म्हंतंय?"

"नाही म्हणतंय," ऋजुता म्हणाली, आणि पाझराचे आकडे पाहण्याआधी बाटली घेऊन पायथ्याकडे निघाली.